संगणकाला घर विचारावे, सांगू नये

वाणिज्य शाखेच्या मुलीने काळ्या खिडकीबद्दल लिहावे, हे काही जणांना आगाऊपणाचे वाटेल. विज्ञान शाखेचे मित्र तर हसतीलच. हसू देत. गेली दोन वर्षे प्रात्यक्षिकाच्या तासांना जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपल्याला संगणकाशी बोलायला शिकवत नाहीत. त्याचे पत्ते पाठ करायला शिकवतात.

कोणत्याही संगणक-वर्गातल्या प्रात्यक्षिकाच्या वह्या उघडून पाहाव्यात. पहिल्या दोन-चार पानांतच 'सी ड्राइव्ह, त्यात यूझर्स, त्यात अमुक, त्यात डॉक्युमेंट्स' असा मार्ग लिहिलेला सापडेल. हा अमुक म्हणजे कोण? तर ज्या सरांनी तो धडा पहिल्यांदा तयार केला त्यांचे त्यांच्या यंत्रावरचे नाव. सर केव्हाच बदलून गेलेले असतात. त्यांचे नाव मात्र दरवर्षी चाळीस वह्यांत नव्याने उतरते, त्याखाली तारीख पडते, स्वाक्षरी होते, गुणही मिळतात. त्या चाळिसांपैकी एकाच्याही यंत्रावर त्या नावाचे घर नसते, याचे कुणाला काही वाटत नाही.

'घर' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. संगणकावर प्रत्येक वापरणाऱ्याला एक स्वतःचा कप्पा मिळतो. त्याच्या फायली, त्याच्या आवडीनिवडी, त्याच्या कार्यक्रमांच्या नोंदी सगळ्या त्यात राहतात. त्या कप्प्याला इंग्रजीत होम डिरेक्टरी म्हणतात, म्हणजे घरच. लिनक्सवर हे घर साधारणतः 'होम' नावाच्या वाड्यात असते, मॅकवर 'यूझर्स' नावाच्या वाड्यात, आणि विंडोजवर सी ड्राइव्हमधल्या 'यूझर्स'मध्ये. 'साधारणतः' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. विंडोज एक्सपीच्या काळात हीच घरे 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाच्या कप्प्यात होती. युनिक्सच्या अगदी आरंभीच्या काळात ती 'यूएसआर' या कप्प्यात असत. आज त्या कप्प्यात कार्यक्रम राहतात, माणसे राहत नाहीत. पुढे सोलारिसवर ती 'एक्स्पोर्ट'च्या पोटात गेली. लिनक्सचा मुख्य अधिकारी जो रूट, त्याचे घर तर इतरांच्या वाड्यात नसतेच. ते वेगळे, सरळ मुळापाशी. तेव्हा पत्ता पाठ करून उपयोग काय? वाडे पडतात, गल्ल्यांची नावे बदलतात.

आता हे घर विचारायचे कुणाला? शेलला. शेंगेचे टरफल आणि आतला दाणा आपल्या भागात कुणाला सांगायला नको. संगणकाचा दाणा म्हणजे कर्नल, आणि त्याच्याभोवतीचे टरफल म्हणजे शेल. आपला हात आधी टरफलालाच लागतो. काळ्या खिडकीत आपण जे लिहितो ते शेल वाचते, त्याचा अर्थ लावते आणि आत पोचवते. अडचण अशी की, टरफले अनेक आहेत. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला सुरुवात केली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल आले. त्याच सुमारास बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी सी शेल लिहिले. मग १९८३ मध्ये डेव्हिड कॉर्न यांचे, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचे बॅश, १९९० मध्ये पॉल फाल्स्टॅड यांचे झी शेल, २००५ मध्ये फिश. तिकडे विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये सीएमडी, आणि २००६ मध्ये पॉवरशेल. ही यादी कुणी परीक्षेसाठी पाठ करू नये. ती एवढ्यासाठीच दिली की, 'संगणकाची आज्ञा' अशी एक सरसकट गोष्ट जगात नाही, हे ध्यानात यावे. आज्ञा कुठल्या ना कुठल्या शेलच्या भाषेत असते.

आणि इथे मला आपल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींचे मोठे भांडवल दिसते. आपण दोन भाषांत वाढलो. 'हत्ती' म्हटले की मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे सोंड येते आणि कन्नड शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे कापूस. शब्द तोच, पण तो कुणाच्या तोंडी आहे हे पाहून अर्थ घ्यायचा असतो, हे आपल्याला पाचव्या-सहाव्या वर्षापासून ठाऊक असते. शेलचे अगदी असेच आहे. 'सीडी' ही दोन अक्षरे घ्या. बॅशमध्ये नुसते 'सीडी' लिहून एंटर दाबले तर आपण जिथे असू तिथून थेट घरी येतो. विंडोजच्या सीएमडीमध्ये तेच लिहिले तर ते जागचे हलत नाही. आपण आत्ता कुठे उभे आहोत एवढे फक्त सांगते. एकाच्या भाषेत ती आज्ञा, दुसऱ्याच्या भाषेत तो प्रश्न.

घर विचारण्याच्याही तऱ्हा वेगळ्या. बॅश, झी शेल, कॉर्न, फिश या मंडळींना 'एको' लिहून पुढे डॉलरचे चिन्ह आणि त्याला चिकटून मोठ्या लिपीत 'होम' असे लिहिले की घराचा पूर्ण मार्ग छापून मिळतो. लिपी मोठीच हवी, कारण या घराण्यात लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानतात. सी शेलमध्ये हे तर चालतेच, शिवाय लहान लिपीतले 'होम'ही त्याचे स्वतःचे म्हणून असते. सीएमडीला डॉलर समजत नाही. तिथे टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'यूझरप्रोफाइल' लिहावे लागते, आणि लिपी लहान की मोठी याची त्याला फिकीर नसते. पॉवरशेल या दोघांच्या मधले. त्याला डॉलर होम समजते, पण ते त्याने स्वतः तयार केलेले असते. विंडोजचे यूझरप्रोफाइल हवे असेल तर डॉलरनंतर 'एन्व्ह' आणि दोन टिंबे देऊन मग ते नाव घ्यावे लागते.

चुकीच्या शेलमध्ये चुकीच्या भाषेत विचारले तर काय होते? काहीच होत नाही, आणि हीच खरी गंमत. सीएमडीमध्ये एको डॉलर होम लिहा. ते शांतपणे 'डॉलर होम' हीच अक्षरे परत छापते. पॉवरशेलमध्ये टक्केवाला प्रश्न विचारा. तेही टक्क्यांसकट तुमचाच प्रश्न तुम्हाला परत देते. परगावच्या पाहुण्याला आपली भाषा कळली नाही की तो कसा आपलाच शेवटचा शब्द हसून पुन्हा उच्चारतो, तसे. चूक झाली असे कुणीच म्हणत नाही. विंडोज ११ मध्ये काळी खिडकी उघडली की बहुधा पॉवरशेल येते, आणि वहीतला मजकूर सीएमडीच्या काळातला असतो. मग मुले समजतात की यंत्र बिघडले. वास्तविक ओळीच्या आरंभी 'पीएस' ही दोन अक्षरे दिसतात का एवढे पाहिले, तरी आपण कुणाच्या दारात उभे आहोत ते कळते. हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात.

असल्या बारकाव्यांनी काय बिघडते, असे कुणी म्हणेल, म्हणून एक प्रत्यक्षातली हकीकत सांगते. गेल्या वर्षी मी शहरातल्या एका कर-सल्लागाराच्या कार्यालयात दुपारच्या वेळी नोंदींचे काम करीत होते. तिथे रोज संध्याकाळी निघताना एका बॅच फायलीवर दोनदा टिचकी मारायची पद्धत होती. काळी खिडकी क्षणभर चमकून मिटायची, आणि दिवसाच्या कामाची प्रत पेन ड्राइव्हवर गेली असे सगळे धरून चालायचे. ही फाइल पूर्वीच्या एका कारकुनाने लिहिलेली होती. तो नोकरी सोडून गेला, त्याचे यंत्रही बदलले, नव्या यंत्रावर नव्या नावाने घर तयार झाले. फाइल मात्र होती तशीच उचलून ठेवली गेली. जुलैत, विवरणपत्रांच्या ऐन गर्दीत, नव्या यंत्राची डिस्क गेली. पेन ड्राइव्ह उघडला तर त्यात फायली होत्या, भरपूर होत्या, पण सगळ्या तीन महिन्यांपूर्वीच्या. कार्यालयातल्या ज्येष्ठ बाई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्यांनी ती बॅच फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ गं, ह्यो अजून हितंच बसलाय." मार्गात त्या जुन्या कारकुनाचे नाव होते. खिडकी रोज चमकत होती ती 'असा मार्ग सापडत नाही' हे सांगायला, आणि वाचून होण्याआधीच मिटत होती.

नंतरचे नऊ दिवस आम्ही तिघींनी कागदी पावत्यांवरून तीन महिने पुन्हा भरले. एका दुकानदाराची विक्रीची पुस्तके त्याने आधीच परत नेली होती. ती मागायला दोनदा त्याच्याकडे जावे लागले आणि दोन्ही वेळा त्याचे बोलणे ऐकून घ्यावे लागले. त्या फायलीत नावाऐवजी टक्क्यांतले यूझरप्रोफाइल असते, आणि शेवटी 'पॉज' हा एक शब्द असता, तर यातले काहीच घडले नसते. (डॉक्युमेंट्सवर तरीही आंधळा विश्वास नको. काही यंत्रांवर तो कप्पा वनड्राइव्हच्या पोटात हललेला असतो. घर बरोबर आणि खोली चुकीची, असेही होऊ शकते.)

हे सारे समजायला वाणिज्याचा विद्यार्थी उलट अधिक लायक आहे असे मला वाटते, कारण घराची नोंद संगणकात ज्या रीतीने असते ती आपल्या ओळखीची आहे. लिनक्सवर 'ईटीसी' या कप्प्यात 'पासडब्ल्यूडी' नावाची साध्या मजकुराची एक फाइल असते. प्रत्येक वापरणाऱ्याची एक ओळ, ओळीत सात रकाने, आणि रकान्यांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे. नाव, गुप्तशब्दाची जागा, क्रमांक, गटाचा क्रमांक, इतर माहिती, सहाव्या रकान्यात घर, आणि सातव्यात तो माणूस कुठले शेल वापरणार ते. ही झाली मूळ वही, आपली रोजकीर्द. आपण नाव सांगून आत शिरलो की सहावा रकाना वाचून 'होम' या नावाने त्याची एक प्रत आपल्या सत्रात ठेवली जाते. म्हणजे ही खतावणी. दिवसभर सगळे कार्यक्रम खतावणी पाहतात, रोजकीर्द क्वचितच कुणी उघडते.

खतावणीत कुणी खाडाखोड केली तर? करता येते. होमची किंमत बदलून तात्पुरत्या फायलींच्या 'टेम्प' कप्प्याची करा आणि मग नुसते सीडी म्हणा. तुम्ही खुशाल तिथे जाऊन पोचाल. टिल्ड नावाचे जे लाटेसारखे चिन्ह घरासाठी वापरतात, तेही नुसते वापरले तर खतावणीच पाहते. पण टिल्डला चिकटून आपले नाव लिहिले तर बॅश मूळ वहीत जाऊन पाहते आणि खरे घर सांगते. लिनक्सवर 'गेटएंट' ही आज्ञाही हेच काम करते. दोन्ही आकडे जुळतात का ते पाहणे, याला आपण ताळा म्हणतो. दुसऱ्याच्या अधिकारात 'सूडू' लावून काम करताना हा ताळा फार उपयोगी पडतो, कारण तेव्हा होम आपले राहील की रूटचे होईल हे त्या यंत्रावर नियम कसे ठेवले आहेत यावर ठरते. मॅकवर मात्र साध्या माणसांच्या नोंदी या फायलीत नसतात, वेगळ्या निर्देशिका-सेवेत असतात. तिथे फाइल उघडून आपले नाव शोधत बसू नये.

ही वही वाचताना मनोरंजनही होते. डेबियन आणि उबुंटूवर 'नोबडी' नावाचा एक खातेदार असतो, म्हणजे 'कुणीही नाही', आणि त्याच्या घराच्या रकान्यात 'नॉनएक्झिस्टंट', म्हणजे 'अस्तित्वात नाही', असे सरळ लिहिलेले असते. आमच्या लेखापरीक्षणाच्या सरांना असले खाते दाखवले तर काय म्हणतील, कोण जाणे!

टिल्डचीही एक कथा आहे. सत्तरच्या दशकात लिअर सीगलर कंपनीचे एडीएम-थ्री-ए नावाचे टर्मिनल होते, आणि त्याच्या कळफलकावर होम आणि टिल्ड एकाच कळीवर छापलेले होते. त्यावरूनच ते चिन्ह घराचे झाले, असे सांगतात. सी शेलने ते आणले. बोर्न यांच्या मूळ शेलला ते कळत नव्हते. कॉर्न यांनी उचलले आणि मग सर्वत्र रूढ झाले. एका कळीवर जागा वाचवण्यासाठी केलेली सोय जगभर भाषा होऊन बसली.

या चिन्हापासून सावध राहावे असे मात्र मी नक्की म्हणेन. विंडोजवर घराच्या नावात मोकळी जागा असली की मार्ग अवतरणचिन्हांत घालावा लागतो, आणि तीच सवय घेऊन मुले लिनक्सवर येतात. तिथे अवतरणांत घातलेला टिल्ड हा घर राहत नाही, नुसते चिन्ह राहते. डॉलर होम मात्र दुहेरी अवतरणांत चालते; एकेरीत तेही चालत नाही. कुणी अवतरणांत टिल्ड लिहून नवा कप्पा तयार केला, तर घराऐवजी खरोखरच टिल्ड नावाचा कप्पा तयार होतो. पुढचा धोका याहून वाईट आहे. तो नको असलेला कप्पा पुसायला म्हणून मिटवण्याची आज्ञा देऊन पुढे नुसता टिल्ड लिहिला, की त्या कप्प्याऐवजी सारे घरच पुसले जाते. पॉवरशेलमध्ये आणखी तिसरेच: सीडीपुढे टिल्ड लिहिला तर ते विंडोजवरही घरी नेते, पण एकोपुढे लिहिला तर नुसता टिल्डच छापते. सीएमडीला तर त्याचा काही पत्ताच नाही.

काही प्राध्यापकांचे म्हणणे असे असते की, बी. कॉम.च्या मुलांना टॅली आणि एक्सेल आले म्हणजे झाले, हे नसते उद्योग कशाला. मला हे पटत नाही. टॅली आणि एक्सेल आपण घेतोच आहोत. पण त्यांच्या फायली कुठे राहतात हे ज्याला विचारता येत नाही, तो कारकून जन्मभर दुसऱ्याने लिहिलेल्या बॅच फायलीवर टिचकी मारीत राहणार. दुसरा आक्षेप मुलांकडून येतो, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो: काळ्या खिडकीत सगळे इंग्रजी, आपण मराठी माध्यमाचे, आपल्याला कसे जमणार? अहो, ते इंग्रजी आहे कुठे? 'सीडी', 'एको', 'गेटएंट' यांत ना क्रियापदाची रूपे, ना काळ, ना स्पेलिंगमधली मुकी अक्षरे. वीस-पंचवीस शब्दांत दिवसाचे काम भागते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मैत्रिणीलाही टक्का आणि डॉलर पहिल्यांदा तितकेच परके असतात. बाजारात एका दुकानात मराठी, दुसऱ्यात कन्नड, आणि रिक्षात दोन्हींची मिसळ बोलणाऱ्याला या कामाची सवय आधीच झालेली असते. वर्गात आमच्या शेजारी बसणारी बैलहोंगलकडची मुलगी एकदा पॉवरशेलमध्ये डॉलर होम लिहिताना मोठ्याने म्हणाली, "नन्न मनि एल्लैति?" माझे घर कुठे आहे? तिला व्याकरण कुणी शिकवले नव्हते. ती प्रश्न विचारीत होती, आणि उत्तर आले.

म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला कुणाच्याही वहीत मार्ग लिहून देऊ नये. चार यंत्रे ठेवावीत: एकावर सीएमडी, एकावर पॉवरशेल, दोन उबुंटूची. प्रत्येकाने प्रत्येक यंत्रावर स्वतःच्या नावाने आत शिरावे, घर विचारावे आणि जे उत्तर येईल ते वहीत लिहावे. चाळीस जणांची उत्तरे वेगवेगळी असतील. तपासायला सरांना त्रास होईल हे कबूल. दुसऱ्या तासाला होम मुद्दाम बदलून ताळा करायला लावावा. जुन्या वह्यांतून आलेला ठरावीक मार्ग जिथे दिसेल तिथे गुण कापावेत, अगदी स्वाक्षरी झालेली असली तरी. प्रयोगशाळेत उबुंटूची दोन यंत्रे आहेतच. ती कोपऱ्यात आवरण घालून ठेवली आहेत, ते आवरण तेवढे काढावे लागेल.

कोणत्या शेलला काय विचारायचे याचा एक तक्ता मी आणि वर सांगितलेली मैत्रीण मिळून तयार करीत आहोत, डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला कन्नड. कन्नड विभागात याच विषयावर तिचा लेख आहे. शेल बदलायचे कसे, हा भाग तिने घेतला असल्यामुळे मी इथे गाळला आहे.